जोडदगडाची कोरी बाजू

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना सरळ म्हटलं, अहो, आमचा धंदा कबरीवरच्या दगडांचा. लोक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचायला बसणार आणि तुम्ही त्यांना दफनभूमीत नेणार? ते म्हणाले, साळवेबाई, पहिल्या आंघोळीला आम्ही कारेटं फोडतो, त्याचा कडू थेंब जिभेला लावतो आणि मगच गोडाला हात घालतो. तुमचा लेख कारेट्याच्या जागी छापू. माणूस गोड बोलून काम काढून घेणारा आहे. तेव्हा लिहितेय. कडू लागलं तर त्यांना सांगा.

आमची शेड देहूरोडला. आमचे हे पूर्वी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होते. लोखंडी साच्यांवर नंबर नि अक्षरं कोरायचं काम. हात इतका बसलेला की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कुणी वारलं की दगडावर नाव कोरायला यांनाच बोलावणं यायचं. पुढं नोकरी आणि छिन्नी दोन्ही सांभाळणं होईना, तेव्हा यांनी छिन्नी ठेवली. यांनी कोरायचं आणि मी गिऱ्हाइकाशी बोलायचं, अशी आमची वाटणी. यांना बोलायला बसवलं असतं तर धंदा पहिल्याच वर्षी बसला असता. यांच्यापेक्षा दगड बोलका.

आता महाळुंग्याला मशीनवर अक्षरं कापून मिळतात. छिन्नीला दोन दिवस लागायचे ते काम चहा होईपर्यंत उरकतं. आम्हीही हल्ली तिकडेच पाठवतो, कारण यांचे डोळे आणि माझी कंबर दोन्ही रिटायर झालेत. पण दगडावर काय लिहायचं ते मशीन ठरवत नाही. त्यासाठी घरच्यांना समोर बसवावं लागतं. नाव, जन्म, निधन, शास्त्रातलं एखादं वचन. म्हटलं तर एवढंच. पण तेवढ्यात घरातली सगळी जुनी भांडणं आणि सगळी माया टेबलावर येऊन पडते. मी चहा सांगते आणि ऐकत राहते. माझ्या धंद्याचं भांडवल तेच.

बाहेरच्यांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. नवरा-बायकोतलं एक गेलं की आमच्यात पुष्कळ घरं जोडदगड करतात. एकच रुंद दगड, डाव्या बाजूला गेलेल्याचं नाव. उजवी बाजू घासूनपुसून चकचकीत केलेली, पण कोरी. ती मागे राहिलेल्याची. जागेची टंचाई सगळीकडे आहे, म्हणून बरीच वर्षं उलटली की तीच कबर उघडून त्याच घरातल्या माणसाला तिथं ठेवायची रीत आहे. काळा ग्रॅनाइट आरशासारखा असतो. फुलं ठेवायला वाकलेल्या बाईला त्या कोऱ्या बाजूत स्वतःचं तोंड दिसतं. पहिल्या वेळी काळजात धस्स होतं, मग सवय होते. एक आजी तर तिथं बघून केस सारखे करायच्या.

आता गंमत बघा. दगड जोडीचा, पण आमच्या शास्त्राप्रमाणे मेल्यानंतर जोडी राहतच नाही. प्रभूला काही लोकांनी पेचात पकडायला एक कोडं घातलं होतं. सात भाऊ. थोरला मूलबाळ न होता मेला, त्याच्या बायकोशी दुसऱ्यानं लग्न केलं. तोही मेला, मग तिसऱ्यानं. असं करत साती भाऊ गेले आणि शेवटी ती बाईही गेली. तर मेलेले उठतील त्या दिवशी ती कुणाची बायको? विचारणाऱ्यांना वाटलं, आता कसा सापडला. प्रभू म्हणाला, तिथं कुणी लग्न करत नाही आणि कुणी करून देत नाही. तिथं माणसं देवदूतांसारखी असतात. झालं, विषय मिटला. आमच्या लग्नातली शपथसुद्धा मरण वेगळं करेपर्यंतचीच. कुठल्याशा पंथात लग्न वरही टिकतं असं मानतात म्हणे, पण आमच्याकडे नाही.

आमच्या शेजारी बीडकडची मंदा राहते. एका वटपौर्णिमेला ती उपाशीपोटी वडाला दोरा गुंडाळून आली आणि उंबऱ्यात बसून मला विचारायला लागली, तुमच्यात किती जन्म असतात? मी म्हटलं, आमच्यात एकच, आणि नवराही तेवढ्यापुरताच. मंदानं हातातला उरलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मजा हाय की तुमची." आणि इकडेतिकडे बघून हळूच हसली. तिचा नवरा तेव्हा नाईट करून आत झोपला होता.

तर अशा या धंद्यात माणसं काय काय मागतात ते सांगते. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांच्या दोन बायका, एकीमागून एक अशा, दोघी देवाघरी गेलेल्या. त्यांना तिघांचा दगड हवा होता, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी आणि मधली बाजू कोरी, स्वतःसाठी. मी विचारलं, उठल्यावर दोघींनी एकदम हात धरला तर काय कराल? सुभेदार ताठ बसून म्हणाले, "सांगेन, इथं लग्न चालत नाही. वरून हुकूम आहे." आमचे हे त्या दिवशी मोठ्यानं हसले. ते हसले म्हणून शेजारचा गॅरेजवाला बघायला आला होता.

दुसरी एक शाळेतली बाई. त्यांच्या मिस्टरांनी जिवंतपणीच येऊन जोडदगड सांगून ठेवला होता. माणूस फार शिस्तीचा, बोलताना टेबलावर बोट आपटायचा. ते गेल्यावर बाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की कोऱ्या बाजूवर माझं नाव कधीच यायला नको. मरणापर्यंतचं वचन होतं ते मी पाळलं, एक दिवस खाडा केला नाही. आता मला मोकळी राहू द्या. आम्ही त्या बाजूवर लिलीची फुलं कोरली. सुंदर झाली होती. ती बघून लोक म्हणायचे, काय प्रेम होतं हो दोघांचं.

तेव्हापासून मी एक नियम केला. एकटा माणूस स्वतःचा दगड सांगायला आला तर आधी जोडीदाराला घेऊन यायचं. दोघं समोर बसल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. या नियमापायी गिऱ्हाइकं गेली, पण मी तो सोडला नाही. दावीद पगारे या नियमापाशीच अडले.

दावीदभाऊ चाकणला एका कंपनीत क्रेन चालवायचे. थोराड अंगाचा, हळू आवाजाचा माणूस. त्यांची बायको लीलाताई. लीलाताईंचं हे दुसरं लग्न. पहिले यजमान शमुवेल उजागरे, पिंपरीला प्रेस शॉपमध्ये होते. ऐन तारुण्यात काविळीनं गेले. पदरात एक मुलगी. शमुवेलचा दगड आम्हीच केला होता, धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. त्याचे वडील आले आणि म्हणाले, जोडदगड करा. सून पोरीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. विशी-बाविशीची पोर ती, पण दगडाची उजवी बाजू तिच्या नावानं कोरी ठेवली गेली. सुनेला विचारायची पद्धत तेव्हा कुणाच्याच घरात नव्हती.

पुढं सासऱ्याच्या माघारी सासूनं, राहेलबाईनं, स्वतः पुढाकार घेऊन सुनेचं लग्न दावीदशी लावलं. आणि म्हातारी शेवटपर्यंत त्या दोघांकडेच राहिली. तिला शमुवेलच्याच कबरीत ठेवलं. त्या वेळी दावीदभाऊंनी पहिल्यांदा तो दगड जवळून बघितला. शमुवेलचं नाव आणि शेजारी कोरी जागा.

तेव्हापासून ती कोरी जागा या माणसाच्या मनात जाऊन बसली. दर ईस्टरला पहाटे आम्ही मंडळी दफनभूमीत उपासनेला जमतो, मेणबत्त्या लावतो. दावीदभाऊ बायकोला स्कूटरवर आणून सोडायचे आणि स्वतः फाटकाबाहेर थांबायचे. कुणी आत बोलावलं तर म्हणायचे, गाडीजवळ कुणी नको का?

तीन-चार वर्षांपूर्वी एका दुपारी ते शेडमध्ये आले. म्हणाले, बाई, जिता हाय तवर माजा दगड बघून घेतो. साधा करा, एकट्याचा. मी विचारलं, एकट्याचा का? लीलाताई काय म्हणतात? तर खाली बघून म्हणाले, तिची जागा तिकडं ठेवलेली हाय. मी माझा नियम सांगितला, ताईंना घेऊन या. ते हो म्हणून गेले आणि दीड महिना फिरकले नाहीत. मग पुन्हा एकटेच आले. मी पुन्हा तेच सांगितलं. असं तीन वेळा झालं. इतका साधा माणूस, पण बायकोला एक प्रश्न विचारायची त्यांना छाती होईना. तिनं तिकडची जागा हवी म्हटलं तर?

तिला विचारण्याऐवजी त्यांनी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं. उपासना झाल्यावर त्यांना बाजूला घेतलं आणि सात भावांचाच प्रश्न दोन माणसांवर आणून विचारला. पाळकसाहेबांनी शास्त्रात आहे तेच सांगितलं. ती तिथं शमुवेलची बायको नसेल आणि तुमचीही नसेल. तिथं लग्नच नाही.

तिथून दावीदभाऊ थेट आमच्याकडे आले. पाणी दिलं तर ते हातात तसंच धरून बसले. मग बोलले. "शमुवेलची हाय म्हणाले असते तर मी मान खाली घातली असती, बाई. त्यो पहिला, त्याचा हक्क. पण कुणाचीच न्हाई म्हंत्यात. चाळीस वर्सं जिच्या हातचं खाल्लं ती तिथं समोरनं जाईल. मी तिला काय म्हणून हाक मारू?"

आमच्या ह्यांनी ग्राइंडर बंद केला. कामाच्या मध्ये ग्राइंडर बंद करणं यांच्या स्वभावात नाही. मला तर रडूच आलं. इतकी वर्षं मी या वचनावर विनोद करत आले, मंदाला हसवत आले, आणि इथं एका म्हाताऱ्या माणसाचा सगळा संसार त्या एका वाक्यानं उपटून काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना गाठलं. जरा रागातच होते. म्हटलं, एवढा प्रेमाचा देव आणि चाळीस वर्षांचा संसार असा पुसून टाकतो? ते बिचारे वयानं माझ्या मुलाएवढे. म्हणाले, मावशी, तिथं लग्न नाही असं शास्त्र म्हणतं, माया नाही असं कुठं म्हणतं? माणसं एकमेकांना ओळखतील, जीवही लावतील. कुणी कुणाच्या मालकीचं नसेल, इतकंच. मी म्हटलं, मग हे दावीदभाऊंना का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगत होतो, पण ते ऐकायला थांबलेच नाहीत, चप्पल पायात घालून चालू लागले.

मग मी दावीदभाऊंना निरोप धाडला की ताईंना घेऊन चहाला या. नाही आलात तर मीच घरी येईन आणि ताईंसमोर बोलेन. या धमकीला ते घाबरले.

लीलाताई आल्या त्या वांग्याची भाजी घेऊन आल्या. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांना मी खुर्ची दिली. दावीदभाऊ जमिनीवर आडव्या ठेवलेल्या फरशीवर बसले, अगदी खाली, कोपऱ्यात. चहा झाला आणि मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ताई, भाऊ स्वतःसाठी एकट्याचा दगड मागतात. तुमची जागा शमुवेलजवळ आहे म्हणतात. मी तुम्हाला विचारल्याशिवाय कोरणार नाही.

लीलाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"एकानं मला न विचारता जागा ठेवली," त्या म्हणाल्या, "आन एकानं न विचारता ठेवली न्हाई. बाईमाणसाला मेल्यावर तरी कुणी विचारील का न्हाई?"

मी म्हटलं, आता विचारतेय ना मी. त्यावर त्या जरा निवळल्या. शमुवेलबद्दल बोलल्या. भला माणूस होता म्हणाल्या, पोरीला खांद्यावर घेऊन कासारवाडी स्टेशनात गाड्या दाखवायचा. अजून कधीकधी स्वप्नात येतो, तसाच तरणा. मला बघून ओळखत न्हाई, कारण मी म्हातारी झाले. हे सांगताना त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. दावीदभाऊ ऐकत होते. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ऐकत असावेत.

मग त्या म्हणाल्या, त्या कोऱ्या जागेत माझ्या सासूचं नाव घाला. ती त्याच कबरीत हाय आणि इतकी वर्सं बिननावाची निजलीय. का, तर सुनेची जागा अडू नये. पोरासाठी माझ्यापेक्षा जास्त ती रडली. ती जागा तिची.

माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आमच्याच हातचा दगड, दर ईस्टरला मी त्याच्यासमोर उभी राहते, आणि खाली राहेलबाई आहे हे मलाही माहीत होतं. पण जोडदगडाची कोरी बाजू बायकोची, हे डोक्यात इतकं पक्कं की आईचं नाव तिथं बसू शकतं हे कुणाला सुचलंच नाही.

आता शमुवेलच्या दगडाचं मिटलं होतं. पण दावीदभाऊ फरशीवरून हलेनात. मी ओळखलं आणि कप उचलून आत जायला निघाले, तेवढ्यात ते बोलले.

"लीला, तिथं लग्न न्हाई म्हंत्यात. मग तिथं मी तुजा कोण?"

लीलाताईंनी नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, त्या खालच्या फरशीकडे बघितलं.

"तुमाला भुईवरनं उठायला कुणाचा हात लागतो?"

"तुजाच की."

"मग मेलेली उठतील त्या दिवशी कुणाचा लागंल? कर्णा वाजंल, सगळी मंडळी उठून चालाया लागतील, आन तुमी खालीच बसून, लीला हात दे, लीला हात दे. मी तिकडं शमुवेलजवळ निजले तर तिथनं पळत येऊ व्हय? माजे बी पाय दुखत्यात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "लग्न नसंल तिथं. नसू द्या. इथल्या लग्नात तरी तुमी माजे कोण हे मी कुणाला विचाराय गेले व्हते का?"

आणि त्यांनी हात पुढं केला. दावीदभाऊ त्या हाताला धरून उठले, पण उठल्यावर हात सोडला नाही. आमच्या ह्यांना शिंक आली, किंवा तसं दाखवायला यांनी तोंड फिरवलं. मग हे मला म्हणाले, जोडदगड लिहून घे.

राहेलबाईचं नाव मात्र यांनी मशीनला दिलं नाही. पिशवीत छिन्नी-हातोडी घालून रोज सकाळी दफनभूमीत जायचे आणि डोळ्यांना भिंग लावून एकेक अक्षर कोरायचे. मी म्हटलं, आता हा कसला हट्ट? म्हणाले, डावीकडचं नाव हातचं आहे, उजवीकडचंही हातचंच हवं. पोराशेजारी आईचं नाव, त्याच वळणाचं.

त्या वर्षी ईस्टरला पहाटे दावीदभाऊंनी स्कूटर फाटकाबाहेर लावली आणि कुलूप घातलं. बायकोच्या मागून ते आत आले. उपासना झाली, गाणी झाली, लोक आपापल्या माणसांकडे पांगले. मी शेजारच्याच कबरीवरची मेणबत्ती लावत होते. दावीदभाऊंनी झेंडूचा एकच हार आणला होता. त्यांनी त्याचा दोरा तोडला, अर्धी फुलं शमुवेलच्या नावाखाली ठेवली, अर्धी राहेलबाईच्या. मग दगडावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं प्रार्थना करतायत, म्हणून मी डोळे मिटले. पण ते शमुवेलशी बोलत होते.

"शमुवेलभाऊ, मी दावीद. लीला माज्यापाशी निजणार हाय, राग धरू नका. ते बी उठंपातूरच. त्याच्यापुढं तिथं लग्न न्हाई, मी पाळकसायबास्नी विचारून घेतलंय. मंजे तुमाला बी लांब बसायचं कारण न्हाई आन मला बी फाटकाबाहेर थांबायचं न्हाई. या आमच्यात. येताना म्हातारीला घेऊन या, तिला माज्या हातचा चहा लागतो."